नंबर तोच, डोळाही दुखत नाही. तरी नजर कशी जाते? लकडगंजच्या लाकूड बाजारातून समजून घ्या काचबिंदू

लकडगंजच्या लाकूड बाजारात डोळ्यात भुसा जाणं ही रोजचीच गोष्ट. आरा मशीन सुरू झाली की बारीक भुसा हवेत उडतो. सागवानाचे पल्ले उतरवणारा हमाल असो, रंधा मारणारा सुतार असो की गल्ल्यावर बसलेला दुकानदार, डोळा चोळावा लागतोच. पाणी मारून भागलं नाही तर औषधाच्या दुकानातून एक ड्रॉप येतो. दोन दिवसांत लाली उतरते. मग तीच बाटली गल्ल्यात पडून राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा बाहेर निघते.

अडचण नेमकी इथेच आहे. लाली झटपट घालवणाऱ्या अनेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते आठवडेच्या आठवडे वापरलं, तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, खुपत नाही, पण डोळ्यामागची नस हळूहळू मारतो. या आजाराचं नाव काचबिंदू.

अर्थात काचबिंदू फक्त स्टेरॉइडमुळे होत नाही आणि फक्त लाकूड बाजारातल्या लोकांनाच होतो असंही नाही. बहुतेकांना तो कोणतंही बाहेरचं कारण नसताना, वाढत्या वयात होतो. मग तो ओळखायचा कसा, कोणती तपासणी करायची आणि नजर वाचवण्यासाठी काय करायचं? सविस्तर जाणून घेऊया.

काचबिंदू म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात, हे पाणी आत असतं. ते डोळ्यातल्या भिंगाला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पोषण देतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळतं.

स्वयंपाकघरातलं सिंक डोळ्यासमोर आणा. नळ बारीक धारेने कायम सुरू आहे आणि खालच्या जाळीतून तेवढंच पाणी निघून जातंय. जाळीत कचरा अडकला की नळ तेवढाच असूनही सिंक भरू लागतं. डोळ्यात असंच होतं. फरक इतकाच, की सिंकमधलं पाणी काठावरून सांडतं. डोळा चारही बाजूंनी बंद असतो. त्यामुळे पाणी सांडत नाही, दाब वाढतो.

हा दाब सगळ्यात जास्त भोवतो तो डोळ्याच्या मागच्या बाजूला, जिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. दाबामुळे ते थोडे थोडे करून मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ती याच कारणामुळे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत फरक काय?

घरोघरी सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन शब्दांचा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून ते काढतात, कृत्रिम भिंग बसवतात आणि दिसू लागतं. म्हणून मोतीबिंदूबाबत ‘पिकू द्या, मग बघू’ म्हणत थांबणारे अनेक जण आहेत. मोतीबिंदूत थांबल्याचं नुकसान बहुतेक वेळा भरून निघतं.

काचबिंदूत भिंग नाही, नस खराब होते. नस बदलता येत नाही. उपचाराने होतं ते एवढंच, की उरलेली नजर टिकते. ज्या दिवशी निदान होतं त्या दिवशी हातात जेवढी नजर आहे, तेवढीच वाचवायची असते. त्यामुळे इथे ‘मग बघू’ म्हणणं फार महाग पडतं.

आणखी एक गोष्ट. वयस्कर माणसाला दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. मोतीबिंदू समजून दोन वर्षं वाट पाहिली आणि ऑपरेशनच्या वेळी कळलं की नस आधीच खराब आहे, तर भिंग कितीही चांगलं बसवलं तरी पूर्ण दिसत नाही. त्यामुळे ‘मोतीबिंदूच असेल’ हे घरी ठरवू नका.

नजर जात असते, तर कळत कसं नाही?

याचं कारण नजर जाण्याच्या पद्धतीत आहे. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. वाचणं, मोबाइल पाहणं, नोटा मोजणं, लाकडावरची खूण बघणं ही सगळी कामं मधल्या नजरेची. ती छान चालू राहतात. चष्म्याचा नंबरही बदलत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते.

शिवाय एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा दाखवतो. दोन्हीकडे रिकामी राहिलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो. त्यामुळे समोर काळा डाग दिसत नाही. वस्तू फक्त ‘अचानक’ समोर येतात.

रोजच्या जगण्यात हे असं जाणवू शकतं: टेलिफोन एक्सचेंज चौकात डावीकडून आलेला ऑटो एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. संध्याकाळी गाडी चालवायची भीती वाटते. घरचे म्हणतात, ‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ पण प्रश्न लक्षाचा नसतो. आणि हे जाणवू लागतं तेव्हा नसेचा बराच भाग गेलेला असू शकतो.

तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पाहणीतून हेच समोर आलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४० वर्षांवरच्या ग्रामीण लोकांपैकी २.६ टक्के लोकांना काचबिंदू होता. त्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांचं आधी कधी निदानच झालेलं नव्हतं. जगभरात २०२० मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे.

दाब नॉर्मल आला म्हणजे सुटलो का?

नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर देणारा महत्त्वाचा अभ्यास नागपूरच्याच परिसरात झाला आहे.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांसोबत २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ केला. नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या ८ गावांतल्या ३० वर्षांवरच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. डॉ. विनय नांगिया आणि प्रा. योस्ट योनास यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासाचे निष्कर्ष जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी वाचले.

डोळ्यातला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ ही श्रेणी नॉर्मल मानली जाते. या गावांत सरासरी दाब १३.६ भरला. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली होती: बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची जाडी. ती सरासरी ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय लोकांमध्ये ती साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते.

याचा दाबाशी काय संबंध? दाब मोजताना यंत्र कॉर्नियाला हलकंसं दाबून किंवा हवेचा झोत मारून बघतं, तो किती सहज चपटा होतो. गाडीच्या टायरची हवा बोटाने दाबून बघतात, तसंच. टायर पातळ असेल तर आत हवा जास्त असूनही बोटाला तो मऊ लागेल. कॉर्निया पातळ असेल तर यंत्रावर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून ‘१८ आला, नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. जाडीही पाहावी लागते.

त्यात दाब दिवसभर एकसारखा नसतो. अनेकांमध्ये तो पहाटे आणि सकाळी जास्त असतो. दुपारी चार वाजता ओपीडीत मोजलेला आकडा हा त्या क्षणाचाच असतो. काही जणांची नस तर नॉर्मल दाबातही खराब होते. म्हणून काचबिंदूचं निदान दाबाच्या आकड्यावर नाही, नसेच्या अवस्थेवर केलं जातं.

स्टेरॉइडचे थेंब कधी धोक्याचे?

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची नावं. बाटलीवर अनेकदा अँटिबायोटिकच्या नावासोबत ती बारीक अक्षरात छापलेली असतात. ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतली सूज उतरवण्यासाठी ही औषधं गरजेची असतात. डॉक्टर ती मोजून देतात, दाबावर लक्ष ठेवतात आणि ठरल्या वेळी बंद करतात. औषध वाईट नाही. देखरेखीशिवायचा वापर वाईट.

असे थेंब काही आठवडे सलग घातले तर साधारण तीनपैकी एका माणसाचा दाब कमी-अधिक वाढतो. सुमारे ५ टक्के लोकांमध्ये तो खूप वाढतो. आपण त्या ५ टक्क्यांत आहोत का, हे आधी कळत नाही.

लहान मुलांकडे इथे खास लक्ष द्यायला हवं. उष्ण आणि कोरड्या हवेत अनेक मुलांना डोळ्यांच्या ॲलर्जीचा त्रास होतो. नागपूरचा उन्हाळा तर सगळ्यांना ठाऊक आहे. मूल दिवसभर डोळे चोळतं, खाजेने हैराण होतं. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर तोच ड्रॉप पुन्हा आणला जातो. बाटल्यांवर बाटल्या संपतात. खाज जाते, पण आत दाब वाढत असेल तर मुलाला ते सांगता येत नाही.

दमा, सांधेदुखी किंवा त्वचेच्या आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या, इनहेलर किंवा चेहऱ्यावरची क्रीम सुरू असेल, तरीही डोळे तपासून घ्या. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

लाकडाचा तुकडा लागला होता, पण बरं झालं. आता काळजी का?

आरा मशीनवर उडालेली ढलपी, सुटलेली फळी किंवा खिळा काढताना लागलेला मार, यांमुळे डोळ्यातली पाणी बाहेर सोडणारी जाळी फाटू शकते. त्या वेळी डोळा लाल होतो, सुजतो, मग बरा होतो. पण जखम भरताना जाळी कडक होते आणि दाब काही महिन्यांनी, कधी कधी अनेक वर्षांनी वाढतो. तोवर तो मार माणूस विसरूनही गेलेला असतो.

म्हणून डोळ्याला जोराचा मार लागला असेल, तर बरं वाटल्यावरही दरवर्षी दाब आणि नस तपासायला हवी. मशीनवर काम करताना बाजूंनी बंद असलेला सेफ्टी गॉगल वापरणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. डोळ्यात भुसा गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. खुपणं थांबलं नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

कोणाला जास्त धोका?

- वय ४० च्या पुढे असलेले. वयासोबत धोका वाढत जातो
- आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला काचबिंदू असलेले
- मधुमेह असलेले
- जास्त मायनस नंबरचा चष्मा असलेले
- स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे
- डोळ्याला कधी मार लागलेले

घरात एकाला काचबिंदू निघाला तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासणी करायलाच हवी. अनेक घरांत वडिलांचे थेंब वर्षानुवर्षं सुरू असतात आणि मुलाने स्वतःचे डोळे एकदाही दाखवलेले नसतात.

कोणत्या लक्षणांत तातडीने दवाखाना गाठायचा?

वर सांगितलेला काचबिंदू गुपचूप येतो. दुसरा एक प्रकार मात्र अचानक येतो. त्यात पाणी बाहेर जायची वाटच एकदम बंद होते. एक डोळा भयंकर दुखतो, लाल होतो, धूसर दिसतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, डोकं ठणकतं आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे अनेकदा पित्त किंवा अर्धशिशी समजून गोळी दिली जाते.

डोकेदुखी आणि उलटीसोबत एक डोळा लाल असेल, तर रात्र काढू नका. तासातासाने नसेचं नुकसान होत असतं. हे आणीबाणीचं दुखणं आहे.

चष्म्याच्या दुकानात तपासणी झाली, ती पुरेशी नाही का?

दुकानातलं कॉम्प्युटर मशीन चष्म्याचा नंबर सांगतं. काचबिंदू सांगत नाही. काचबिंदूसाठी नेत्रतज्ज्ञांकडे साधारण या तपासण्या होतात:

१. दाबाची मोजणी: हवेच्या झोताने किंवा डोळा बधिर करून यंत्राने.

२. नसेची तपासणी: थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागची नस पाहतात. हीच सगळ्यात महत्त्वाची. नंतर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

३. कोनाची तपासणी: एका खास भिंगातून पाणी बाहेर जायची जागा उघडी आहे की अरुंद, हे पाहतात.

४. कॉर्नियाची जाडी: काही सेकंदांचं काम.

५. फील्ड टेस्ट: एका गोलाकार यंत्रात बघायचं आणि कडेला बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. कडेची नजर किती उरली, हे यातून कळतं.

६. ओसीटी: नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन.

प्रत्येकाला सगळ्या तपासण्या लागतात असं नाही. पहिल्या भेटीत दाब आणि नस पाहून डॉक्टर पुढचं ठरवतात. जाताना एकच वाक्य लक्षात ठेवा: ‘डॉक्टर, माझी नसही बघा.’

लकडगंजहून सेंट्रल अव्हेन्यूने रेल्वे स्टेशनच्या दिशेने गेलं की मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय लागतं. तिथे आणि मेडिकलमध्ये नेत्ररोग विभाग आहे. मिहानला एम्स आहे. ऑपरेशनची वेळ आली तर ते सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा.

उपचार काय? थेंब आयुष्यभर घालावे लागतात का?

उपचाराचा हेतू एकच: दाब कमी करणं. दाब जितका उतरेल तितका नसेवरचा ताण कमी होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘लाइट’ या चाचणीत काही रुग्णांना सुरुवातीलाच थेंबांऐवजी लेझर दिलं गेलं. त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश रुग्णांना पुढची तीन वर्षं थेंबांची गरज पडली नाही. लेझर सगळ्यांना चालत नाही, पण आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. थेंब आणि लेझर दोन्हींनी भागलं नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारं ऑपरेशन असतं.

आपल्याकडे बहुतेकांचा उपचार थेंबांनीच सुरू होतो आणि तो सहसा कायमचा असतो, रक्तदाबाच्या गोळीसारखा. खरी गडबड होते ती इथे. थेंब घातल्याने काही चांगलं दिसू लागत नाही, उलट डोळा थोडा चुरचुरतो. ‘फायदा तर काहीच नाही’ म्हणत बाटली बंद होते. पण इथे फायदा म्हणजे नजर न घटणं. तो जाणवत नाही, फील्ड टेस्टच्या कागदावर दिसतो.

थेंब घालताना एवढं पाळा:

- एका वेळी एकच थेंब. नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा.
- दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या.
- वेळ ठरवा आणि मोबाइलमध्ये अलार्म लावा.
- काही थेंब उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत बाटली ठेवू नका.
- बाटली उघडल्याची तारीख वर लिहा. मुदत संपली की ती टाकून द्या.
- दमा किंवा नाडीचे ठोके मंद असण्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. टिमोलोलसारखे थेंब अशा रुग्णांना चालत नाहीत.
- महाग पडत असतील तर बंद करू नका, डॉक्टरांना जेनेरिक पर्याय विचारा.

घरी काय बदलावं?

चालणं, हलका व्यायाम चांगला. शीर्षासन मात्र टाळा. त्या स्थितीत डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर काचबिंदूच्या रुग्णांनी ते थोडं थोडं करून प्यावं, कारण एकदम लिटरभर पाणी प्यायल्यानेही दाब काही काळ चढतो. मध, गुलाबपाणी किंवा कोणताही घरगुती रस डोळ्यात घालू नका. त्याने काचबिंदू बरा होत नाही, संसर्गाचा धोका मात्र वाढतो.

थोडक्यात, काय करायचं?

- चाळिशी गाठली की एकदा नसेसह पूर्ण तपासणी. पुढे साधारण दर दोन वर्षांनी. साठीनंतर किंवा धोका जास्त असेल तर दरवर्षी.
- घरातली उरलेली ड्रॉपची बाटली आज शोधा. नावात डेक्सा, बीटा किंवा प्रेड दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा घालू नका.
- आई-वडिलांच्या मोतीबिंदूसाठी जाल तेव्हा स्वतःचे डोळेही दाखवा.
- थेंब सुरू असतील तर आजचा चुकवू नका.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)